घर अकरा, पडकं

१

रविवारी सकाळी साडेदहाला कोंडआळीवर बॉम्ब पडायचे.

वेळ सगळ्यांच्या सोयीची होती. विनेशच्या दोन खोल्यांत उतरलेले पर्यटक दहाला हिशेब चुकता करून, आठवण म्हणून एखादा टॉवेल बरोबर घेऊन, मुंबईच्या वाटेला लागायचे. पेणच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या कल्पिताला त्या दिवशी सुट्टी असायची. उरणच्या मितेशचे ट्रेलर रविवारी धुवायला उभे असायचे. एवढं सगळ्यांचं बघून चालणारं युद्ध इतिहासात दुसरं झालं नसावं.

कोंडआळी म्हणजे दिवेआगरच्या अलीकडे रस्त्याच्या एका अंगाला ओळीनं उभी असलेली अकरा घरं. त्यांच्या मागे सुपारीच्या वाड्या, वाड्यांच्या मागे समुद्र. अकरावं, शेवटचं घर विनेशचं. वय एकोणचाळीस, आयटीआयला घरांचे नकाशे काढायला शिकलेला. लग्न झालेलं नव्हतं. 'मुलगा विमानं उडवतो' एवढं ऐकून मुलीकडचे उत्साहानं येत आणि कुठे उडवतो ते कळलं की चहा अर्धा टाकून जात.

तर संगणकावर लढाऊ विमान उडवायचा हा खेळ. त्याला खेळ म्हटलेलं ही मंडळी खपवून घेत नाहीत. इंजिन सुरू करायलाच वीस मिनिटं लागतात; तेवढ्यात खरं विमान जाऊन काम उरकून परत येतं. विकत मिळणाऱ्या खेळात आपण बनवलेली भर घालायची, म्हणजे नवं विमान, नवा प्रदेश, नवे आवाज, याला मॉड म्हणतात. त्याचा पगार नसतो, आणि बिनपगारी कामात माणसं जेवढी नियमानं वागतात तेवढी पगारी कामात कधी वागल्याचं कुणी पाहिलेलं नाही. तिघांनी मिळून मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा किनारा उभा केला होता. विनेश जमीन आणि घरं करी, कल्पिता आवाज, मितेश विमानं. उडवायला देशभरातले चाळीस जण.

पहिला नियम असा, की दुसऱ्यानं केलेल्या फाइलला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. परवानग्यांची वही कल्पिताकडे. पंखावरच्या एका रिबिटाचं चित्र वापरण्यासाठी तिनं पोलंडमधल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकला चार पत्रं पाठवली होती. त्याचा होकार येईपर्यंत ते विमान तेवढ्या रिबिटाविना उडत होतं.

दुसरं म्हणजे प्रत्येक घर दोनदा बनवावं लागे, एकदा उभं आणि एकदा पडकं. बॉम्ब पडला की खेळ उभं घर उचलून त्या जागी पडकं ठेवतो. मध्ये धूर असतो म्हणून अदलाबदल दिसत नाही. आणि उभ्याची फाइल सापडलीच नाही, तर तो बॉम्बची वाट न बघता सरळ पडकं मांडतो. एकदा साफसफाई करताना मितेशनं पाण्याच्या टाकीची उभी फाइल पुसली आणि त्या रविवारी टाकी पहिल्यापासूनच कोसळलेली. "कुणी मारली, कुणी मारली" म्हणून अर्धा तास भांडण. तेव्हापासून नववा नियम: काढायचंच असेल तर आधी पडकं काढा, मग उभं.

विनेशची लढाईची जागा माजघराला लागून असलेल्या खोलीत. प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी चौघडी करून टाकलेली, कारण चार तास प्लास्टिकवर बसून लढता येत नाही. चक्रीवादळात कौलं उडाली ती नवी बसवली, त्यांना तोलणारं लाकडी आढं मात्र जुनंच, किड्यानं पोखरलेलं राहिलं. त्यातून रोज चिमूटभर भुसा कीबोर्डवर पडे. सकाळी तो फुंकून टाकायचा आणि कामाला बसायचं.

"झाली का रं लढाई?" आई, ठमीबाई, आतून विचारी.

"व्हायचीय अजून."

"मग आदी वाडीला पानी सोड. मेल्यावर कोन सोडनार हाय?"

२

उभी घरं विनेशनं एका दुपारी रस्त्यावरून फोटो काढून बनवली. मनातून रचायचा कंटाळा, आणि समोर अकरा तयार. सातव्या घरातली गोदूकाकू ओट्यावर सुपाऱ्या सोलत बसली होती.

"कशाला रं फोटू?"

"नकाशा करतोय, काकू."

"थांब मग." तिनं तुळशीच्या कट्ट्यावरची सालं झटकली, पदर सारखा केला आणि फोटोत आपली अडचण नको म्हणून बाजूला जाऊन उभी राहिली. नकाशा कशासाठी ते विनेशनं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

पडकी घरं करणं मात्र किचकट काम. कोणी आहे का, अशी विचारणा मितेशनं गटावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी भिकू नावाच्या माणसानं होकार कळवला. त्याला कोणी ओळखत नव्हतं. पण तिथे कोणीच कोणाला ओळखत नसतं, कामावरून ओळख. आठवड्यात त्यानं अकराही पडकी घरं पाठवली. काम इतकं चोख की कल्पितानं आयुष्यात पहिल्यांदा 'अप्रतिम' हा शब्द वापरला.

विनेशनं घर चार उघडून पाहिलं. हे धर्माचं घर. धर्मा म्हणजे पन्नाशीचा, सुपारीवर सरसर चढणारा गडी. वादळानंतर विनेशच्या घराची कौलं त्यानंच बसवली होती. पडक्या घरात कौलं खाली आलेली, पुढची भिंत गेलेली, मागची तेवढी उभी. निळी. तिच्यात कमानीचा कोनाडा. कोनाड्याशेजारी खुंटीला टांगलेली सायकल, पुढचं चाक नसलेली.

विनेशनं चित्र जवळ नेऊन सायकल पुन्हा पाहिली.

त्यानं दिलेले फोटो रस्त्यावरून काढलेले होते. निळी भिंत समजू शकतो. त्या रंगाचा डबा स्वस्त पडतो, निम्म्या कोकणानं तोच लावलाय. कोनाडाही समजू शकतो. सायकलही असते कोणाकोणाकडे. पण पुढचं चाक नसलेली? अशा सायकली आपण एकूण किती पाहिल्या याची त्यानं मनाशी मोजणी केली. एक झाली, धर्माच्या घरातली.

त्यानं भिकूला लिहिलं, "काम उत्तम. घराच्या आतलं कसं कळलं?"

उत्तर लगेच आलं. "पडल्यावर दिसतं."

विनेशला वाटलं, माणूस विनोदी दिसतोय. तसं ठरवलं की झोप लागते.

३

पडकी घरं आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी लक्ष्य होतं घर चार. लक्ष्यांची यादी विनेशच करी, आणि पहिल्या विमानाचा मानही त्याचाच.

समुद्रावरून तो सुरूच्या शेंड्यांना पोट घासेल इतका खाली आला. हेडफोनमध्ये मितेश ओरडत होता, "खींच, विनेशदा, खींच! अब छोड!" विनेशनं बॉम्ब सोडला आणि वळून मागे पाहिलं. घर चारची कौलं एकदम वर उठली, पाखरांचा थवा उठावा तशी, आणि मग धुरात खाली बसली. मागच्या विमानांनी तोफा चालवल्या. सुपारीची झाडं कमरेतून मोडून पडली. धूर विरला तेव्हा निळी भिंत उभी होती आणि सायकल अजून झोके घेत होती.

"झोका कोणी घातला?" कल्पितानं विचारलं. "मस्त आहे."

"भिकूनं घातला असेल," मितेश म्हणाला.

उडवताना सगळे जिथे जमून बोलत त्या ऑनलाइन आवाजाच्या खोलीत भिकूचं नाव पडद्यावर दिसत होतं, शेजारी हिरवा ठिपका. तो काही बोलला नाही. तो कधीच बोलत नसे.

बुधवारी दुपारी सव्वा वाजता विनेश जेवायला बसला होता. आवाज कानांना आधी कळलाच नाही, पाटाखालची जमीन हलली ती कळली. मग कौलं पडण्याचा आवाज सुरू झाला, खूप वेळ चाललेला. तो हात न धुता धावला.

धर्माच्या घरात गॅसचा सिलिंडर फुटला होता. पुढची भिंत रस्त्यावर आली होती. धर्माचा भाऊ रघू ढिगाऱ्यावर गुडघे टेकून दोन्ही हातांनी कौलं मागे फेकत होता, स्वतःची नखं उलटलेली त्याला ठाऊक नव्हती. "दादा, वाईच थांब, काढतंय तुला, वाईच थांब," असं तो अगदी साध्या आवाजात बोलत होता. धर्मा अर्धा मिळाला. उरलेलं शोधायला माणसं वाडीत गेली आणि जो तो दुसऱ्याच्या मागे चालू लागला. उजवा हात सुपारीच्या आळ्यात सापडला. पाटाचं पाणी त्याच्यावरून शांतपणे चाललं होतं.

विनेशनं हे सगळं पाहिलं. मग, बघायचं नाही असं ठरवून, मागच्या भिंतीकडे पाहिलं.

सायकल अजून झोके घेत होती.

४

सिलिंडर फुटतात. पेपरात दर महिन्याला एक असतो. आणि घर पुढूनच पडणार, कारण स्वयंपाकघर पुढे. मागची भिंत जाड, ती राहणार. नकाशे शिकलेल्या माणसाला हे समजायला हवं, आणि भिकूही शिकलेलाच असणार. विनेशनं हा युक्तिवाद तीन दिवस मनात घोळवला. गटावर काही कळवलं नाही. काय कळवणार? आपण पाडलेलं घर पडलं, असं?

दुसऱ्या रविवारचं लक्ष्य यादीत आधीच लागलेलं होतं. घर सात. ते काढावं असं त्याच्या मनात आलं. पण काढलं तर मितेश कारण विचारणार, आणि कारण मोठ्यानं उच्चारलं तर आपल्यालाच हसू येईल, असं त्याला वाटलं. त्यानं त्या दिवशी स्वतः मात्र बॉम्ब सोडला नाही. दुसऱ्यानं सोडला. बॉम्बला त्याचं काही नव्हतं.

"एक मिनिट, भिकूभाऊ," मितेश म्हणाला. "बॉम्ब वरून पडतो ना यार? ही भिंत बघा. रस्त्याच्या बाजूनं आत ढकलल्यासारखी आहे. काहीतरी समोरून घुसल्यासारखी."

भिकूच्या नावाशेजारी ठिपका हिरवाच होता.

त्याच वेळी विनेशच्या हेडफोनमध्ये भोंगा वाजला, पों-पों, पाववाल्याचा. त्यानं सवयीनं आईला हाक मारली, "आई, पाव!" आणि हेडफोन कानावरून सरकवला.

बाहेर काहीच वाजत नव्हतं. रस्ता मोकळा होता. एक, दोन, तीन अंक मोजावेत एवढा वेळ गेला. मग वळणावरून पाववाल्याची सायकल आली आणि भोंगा वाजला, पों-पों.

त्यानं हेडफोन पुन्हा लावला. "आत्ता भोंगा कोणाकडे वाजला?"

"माझ्याकडे नाही," कल्पिता म्हणाली. "भिकूच्या माइकमधून आला. त्यांच्याकडेही पाववाला येतो वाटतं."

"सगळीकडेच येतो गं," मितेश म्हणाला. "तू कौनसी बडी बात बता रही है."

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता खडी भरलेल्या एका डंपरचा ब्रेक निकामी झाला. रस्ता रुंद होतोय, डंपर दिवसाला साठ जातात. कोणालाही कधीही लागला असता. तो घर सातची पुढची भिंत आत ढकलत माजघरापर्यंत गेला. गोदूकाकू खाटेवर बसून सुपाऱ्या सोलत होती. खाट मागच्या भिंतीला चिकटली होती, आणि खाट आणि भिंत यांच्या मध्ये जेवढी जागा उरली होती तेवढ्यात गोदूकाकू होती. ती जिवंत होती. तिला काढायला डंपर मागे घ्यावा लागला, आणि तो मागे घेतल्यावर ती जिवंत राहिली नाही. तिच्या नवऱ्यानं, विठोबानं, वाडीतून येऊन एवढंच विचारलं, "कुनाला इचारून घुसला ह्यो?"

विठोबा डंपरकडे बघत होता. विनेशला मात्र तो प्रश्न आपल्याकडे बघून विचारल्यासारखा वाटला.

५

त्या रात्री त्यानं सगळं गटावर लिहून टाकलं.

शनिवारी दुपारी तिघं बोलायला बसले. नाव भिकूचंही होतं, ठिपक्यासकट.

"थांब," कल्पिता म्हणाली. "ही घरं खरी आहेत? राहती?"

"हो. आमच्या आळीतली."

"परवानगी कुठेय?"

"अगं, फोटो मी काढलेत. माझे फोटो."

"फोटो तुझे. घरं कोणाची?"

विनेशनं कीबोर्डवरचा भुसा फुंकला.

"दोनशे बारा नोंदी आहेत माझ्या वहीत. एका रिबिटासाठी मी पोलंडला चार पत्रं टाकली, विनेश. आणि तुला शेजारच्या म्हातारीला तोंडानं विचारता आलं नाही? काय सांगितलंस तिला?"

"नकाशा करतोय म्हणून."

"आणि दुसरं. मी यादी पाहिली. दहा घरं लक्ष्यात आहेत. अकरावं कधीच नव्हतं. ते कोणाचं?"

हेडफोनमध्ये पंख्याची घरघर येत होती. कोणाच्या पंख्याची ते कळत नव्हतं.

"माझं," विनेश म्हणाला.

मितेश हसला. "अरे वा, विनेशदा! सगळा गाव उडव आणि आपलं घर ठेव. नेता शोभतोस."

"नकाशा मागे घ्या," कल्पिता म्हणाली. "आजच."

"ताई, सातशे लोकांनी उतरवून घेतलाय. सिलिंडर फुटला, डंपर घुसला, वाईट झालं. मला पण वाईट वाटतंय. पण त्याचा आपल्याशी काय संबंध? उद्या माझा ट्रेलर कुठे ठोकला तर विमान बंद करू काय?"

गटाची रीत अशी, की मतभेद झाला की सगळ्यांचं मत घ्यायचं. संध्याकाळपर्यंत चाळीसपैकी एकतीस मतं आली. नकाशा राहावा, एकोणतीस. शिवाय कोणीतरी सूचना मांडली की कोणाच्याही घराला सवलत नको, न्याय सगळ्यांना सारखा. तीही बहुमतानं मंजूर झाली. लोकशाहीत एवढं एकमत सहसा फक्त दुसऱ्याच्या घराबद्दल होतं.

उद्याचं लक्ष्य: घर अकरा.

नकाशा राहावा या बाजूच्या मतांत भिकूचं मत नव्हतं. विरुद्धही नव्हतं. त्यानं मतच दिलं नव्हतं.

६

रविवारी पाहुणे नऊलाच गेले. विनेशनं वाडीला पाणी सोडलं, हातपाय धुतले आणि घर अकराची पडकी फाइल उघडली. ती त्यानं तोवर उघडली नव्हती. आपल्या कुंडलीकडे माणूस जसा बघत नाही, तसा.

आढं मधोमध मोडून खाली उतरलं होतं. त्याच्यावर वासे, वाशांवर कौलं. आढं घराच्या लांबीभर जातं, त्यामुळे ही खोली कोणती ते ओळखता येईना, माजघर असावं. मागे स्वयंपाकघराची फळी अर्धी लोंबत होती.

त्यानं चित्र फिरवलं, जवळ नेलं. आढ्याखालून हिरव्या कापडाचा एक तुकडा बाहेर आला होता. पिवळा काठ. कापडाशेजारी एक हात होता, पालथा, मातीनं इतका भरलेला की बाईचा की बाप्याचा सांगू नये. बोटं जमिनीत रुतली होती. ज्याचा हात होता तो लगेच मेला नव्हता.

पडक्या घरांत माणसं घालायची नाहीत, हा चौथा नियम होता.

ते लुगडं त्याला ठाऊक होतं. आईचं, हिरवं, पिवळ्या काठाचं. लग्नाकार्याला तेच नेसायची. शेवटचं कधी नेसली होती ते त्याला आठवेना. आई काय नेसलीय याकडे मुलगा बघतो कधी?

त्यानं पडण्याची कळ दाबली. बाकी सगळ्या घरांना कल्पितानं एकच धडाका लावला होता. इथे धडाका नव्हताच. लाकूड करकरलं, थोडं थांबून पुन्हा करकरलं. मग कौलं. आणि सगळं शांत झाल्यावर आत कुठेतरी भाताचा एक टोप फळीवरून पडला, घरंगळला, गोल गोल फिरत राहिला, हळूहळू कमी होत होत थांबला.

त्यानं कल्पिताला फोन केला. "घर अकराला टोपाचा आवाज तू घातलास?"

"कसला टोप?" ती म्हणाली. "विनेश, तू उठ आणि आईंना घेऊन बाहेर जा बघू. मी चेष्टा करत नाहीये."

७

दहा वाजून दहा मिनिटं. आई माजघरात आढ्याखालीच तांदूळ निवडत बसली होती. नेसण चॉकलेटी होतं. म्हणजे आज नव्हे, असं त्याला वाटलं. आणि वाटल्याबरोबर त्या दिलाशाची लाज वाटली.

"आई, विठोबाकाकांकडे जाऊन ये ना. एकटे आहेत ते."

"आत्ता? भात टाकायचाय."

"मी टाकतो."

"तू?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "बरा हायस ना?"

"जा गं. त्यांना चहा दे करून. लगेच जा."

"जातंय, ढकलू नको." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश. पायातली चप्पल शोधायला तिला जन्म लागला. मग ती ओट्यावरून उतरली.

विनेश खुर्चीत येऊन बसला आणि कामाला लागला. नववा नियम: आधी पडकं, मग उभं. त्यानं पडकी फाइल निवडून 'काढा' म्हटलं. सामायिक फोल्डरनं विचारलं, ही फाइल भिकू यांची आहे, त्यांची परवानगी मागायची का? हे कुलूप कल्पितानंच घातलं होतं, आणि त्याच्या बाजूनं विनेशनं तावातावानं भाषण केलं होतं. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, "राहतं घर आहे."

उत्तर लगेच आलं. "सगळीच राहती होती."

परवानगीच्या रकान्यात भिकूनं काही भरलं नव्हतं. विनेशनं पुन्हा मागितली. पुन्हा मागितली. हेडफोनमध्ये एकेक जण जमू लागला, इंजिनं सुरू झाली. दहा चोवीस. दुसऱ्याच्या फाइलला हात लावायचा नाही. बारा वर्षांत त्यानं तो कधी लावला नव्हता, आणि त्या घाईतही, हे विशेष आहे, तो लावता येत नाही याचं त्याला बरंच वाटलं. आपल्या हातात आपलं होतं. उभ्या घराची फाइल त्याची, त्यानंच बनवलेली, ती काढायला कोणाला विचारावं लागत नव्हतं. घरच नसेल तर पाडतील काय? त्यानं ती निवडली, काढली आणि बदल सगळ्यांकडे पाठवून दिला.

तो खुर्चीत मागे टेकला. आता नकाशावर घर अकरा नव्हतं.

"विनेशदा?" मितेशचा आवाज आला. तो विमान गरम करत धावपट्टीवर उभा होता. खेळातल्या दुर्बिणीतून त्यानं कोंडआळी पाहिली असावी. "अरे, तुझं घर आधीच पडलंय. अजून कोणी उडालं पण नाही. कुणी मारलं?"

विनेशला पाण्याची टाकी आठवली.

ते आठवायला दोन क्षण लागले, आणि त्या दोन क्षणांत बाहेरून आईचा आवाज आला. ती रस्त्यावर पोहोचून थांबली होती.

"आई!" एका कानावरचा हेडफोन सरकवून तो खिडकीकडे तोंड करून ओरडला. "आत येऊ नको! तुझं हिरवं लुगडं कुठंय?"

"काय?"

"हिरवं! पिवळ्या काठाचं! कुठंय ते?"

"ते व्हय?" आई हसली. "ते कवाच फाटलं. तुज्या बुडाखाली हाय की, गोधडीत. दोन वर्सं त्याच्यावर बसतोस आनि आज इचारतोस?"

विनेशनं खाली पाहिलं. मांडीच्या बाजूनं गोधडीची कड बाहेर आली होती. हिरवी. काठ पिवळा.

पडद्यावर भिकूच्या नावाशेजारी हिरवा ठिपका लागला. हेडफोनमध्ये चाळीस इंजिनांच्या घरघरीतून एक लाकूड करकरलं, अगदी स्पष्ट, शेजारी करकरावं तसं. थोडं थांबलं. पुन्हा करकरलं.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर टाकला. घरात काहीच आवाज नव्हता. आई बाहेर कोणाशी तरी बोलायला लागली होती. उठायचं होतं, पायांना ते अजून कळायचं होतं. कीबोर्डवर चिमूटभर भुसा पडला. मग आणखी थोडा.

टेबलावरच्या हेडफोनमध्ये कौलं पडून संपली होती आणि टोप गोल गोल फिरत हळूहळू थांबत आला होता. स्वयंपाकघरातला टोप अजून फळीवर होता.